आई-बाबा वेगळे होताना मुलांसाठी काय काय करायचं: सांगण्याच्या दिवसापासून पुढे

आम्ही वेगळं राहायचं ठरवलंय हे सांगितल्यावर माझ्या ७ वर्षांच्या लेकीने पहिला प्रश्न विचारला तो असा: "मग माझी सायकल कुठे राहणार?"

मी त्याआधी पंधरा दिवस 'का'ची उत्तरं मनात घोकत होते. पटत नाही म्हणजे काय हे एवढ्याशा मुलीला कसं सांगायचं, कुठला शब्द टाळायचा, आपल्यालाच रडू आलं तर काय करायचं. सायकल माझ्या डोक्यात आलीच नव्हती, तिच्या बाबांच्याही नाही. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. तिने आमचे चेहरे पाहिले आणि मग ती रडायला लागली.

त्याला आता १२ वर्षं झाली. लेक १९ वर्षांची आहे. मधल्या काळात कौटुंबिक न्यायालयाच्या बाकांवर मी पुष्कळ तास काढले, तिथे भेटलेल्या आयांशी आणि बाबांशी बोलले, मिळेल ते वाचलं. त्यातून एक गोष्ट मला पक्की कळली. घर मोडतं तेव्हा आपण मोठी माणसं कारणांमध्ये अडकून पडतो. मुलांना पडलेले प्रश्न वेगळे असतात: शनिवारी मी कुठे झोपणार, शाळेतून कोण आणणार, गणपतीत आजीकडे जायचं की नाही. या साध्या प्रश्नांची उत्तरं त्यांना वेळेवर आणि खरी मिळाली की ती सावरायला लागतात. म्हणून मी इथे कारणांबद्दल फारसं लिहिणार नाही.

आपण मुलाचं आयुष्य उद्ध्वस्त करतोय, या भीतीने ज्यांची झोप उडाली आहे त्यांच्यासाठी आधी एक आकडा. ई. मेव्हिस हेदरिंग्टन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी व्हर्जिनिया विद्यापीठात सुमारे १४०० कुटुंबांचा जवळपास ३० वर्षं अभ्यास केला. घटस्फोट झालेल्या घरांतल्या साधारण २५ टक्के मुलांना भावनिक किंवा सामाजिक पातळीवर गंभीर अडचणी आल्या. न मोडलेल्या घरांमध्ये हेच प्रमाण १० टक्के होतं. म्हणजे धोका वाढतो हे खरंच आहे, पण बहुसंख्य मुलं नीट मोठी होतात हेही तितकंच खरं आहे. अभ्यास तिकडचा आहे, आपल्याकडची घरं आणि नातेवाईक वेगळे. पण अशा अभ्यासांमधून पुन्हा पुन्हा समोर येणारी एक गोष्ट मला आपल्याकडेही दिसली: मुलांना सर्वांत जास्त पोखरतं ते आई-बाबांमधलं न संपणारं भांडण, मग ते एका घरात चालू असो की दोन.

पायरी १: मुलांना सांगण्याआधी दोघांनी कागद घेऊन बसा

घरी बसू नका. भिंतीपलीकडे मूल जागं असतं. एखाद्या हॉटेलात, बागेत किंवा दोघांचाही विश्वास असलेल्या मित्राच्या घरी बसा. भूतकाळाबद्दल एक शब्दही न बोलता फक्त एवढं लिहून काढा: घरातून कोण बाहेर पडणार आणि कोणत्या तारखेला, सोमवार ते रविवार मूल कुठे झोपणार, शाळेत कोण सोडणार, कोण आणणार, दुसऱ्या पालकाकडे कोणत्या दिवशी जाणार, रोजचा फोन किती वाजता. आणि हो, सायकल, कुत्रा, कॅरमबोर्ड, तबला कुठे राहणार. मुलासाठी हेच घर असतं.

शक्य असेल तर चालू शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत शाळा बदलू नका. घर बदलणं, एक पालक रोज न दिसणं आणि मित्र तुटणं हे तिन्ही एका महिन्यात आलं तर मुलाला धरायला काही उरत नाही.

सांगायची वेळही ठरवा. शाळकरी मुलांना साधारण दोन आठवडे आधी सांगितलं तर त्यांना प्रश्न विचारायला वेळ मिळतो. चार-पाच वर्षांच्या आतल्यांना वेळेची कल्पना नसते, त्यांना तीन-चार दिवस आधी पुरे. परीक्षेच्या आठवड्यात, वाढदिवसाच्या आसपास किंवा दिवाळीत सांगू नका. त्या दिवसाची आठवण मग दरवर्षी त्या सणाला चिकटून येते. रात्री झोपायच्या वेळी तर नकोच. शनिवारची सकाळ बरी, पुढचे दोन दिवस तुम्ही समोर असता.

एक अपवाद. घरात मारहाण असेल, तुमच्या किंवा मुलाच्या जिवाला भीती असेल तर हे सगळं बाजूला ठेवा आणि आधी बाहेर पडा. महिलांसाठी १८१ ही मदतवाहिनी आहे आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षणाचा आदेश मिळू शकतो. अशा वेळी 'दोघांनी मिळून सांगा' हा सल्ला लागू होत नाही. सुरक्षित ठिकाणी पोचल्यावर मुलाशी बोला.

पायरी २: सांगताना

दोघांनी मिळून, सगळ्या भावंडांना एकदम सांगा. थोरल्याला आधी विश्वासात घेतलं तर त्याच्यावर धाकट्यापासून लपवायचं ओझं येतं. फार लांबड लावू नका. साधारण असं बोलता येईल:

"आई आणि बाबा यापुढे एका घरात राहणार नाहीत. आम्ही खूप प्रयत्न केले, पण आमचं जमत नाही. याला घटस्फोट म्हणतात. हे आम्हा दोघांमधलं आहे, तू काही केलंस म्हणून झालेलं नाही. तू माझी मुलगी आहेस आणि बाबांची पण आहेस, ते कधीच बदलणार नाही. पंधरा तारखेला बाबा चिंचवडच्या घरी राहायला जातील. तू सोमवार ते शुक्रवार इथे असशील. शनिवारी सकाळी बाबा न्यायला येतील."

'घटस्फोट' हा शब्द तुम्हीच उच्चारा. नाहीतर तो तिला सोसायटीच्या पार्किंगमध्ये दुसऱ्या कुणाच्या तोंडून, कुजबुजीच्या आवाजात ऐकायला मिळतो आणि तेव्हा त्याचा अर्थ काहीतरी लाजिरवाणं असा होतो.

'तुझ्यामुळे नाही' हे एकदा सांगून भागत नाही. लहान मुलांना जग आपल्याभोवती फिरतंय असंच वाटत असतं, त्यामुळे चांगलं-वाईट सगळं आपल्या करण्याने घडतं असं ती धरून चालतात. आम्ही सांगून तीन आठवडे झाल्यावर एका रात्री माझी लेक अंधारात म्हणाली, "मी त्या दिवशी दूध सांडलं नसतं तर तुम्ही भांडला नसतात ना?" कुठलं दूध, कुठला दिवस, मला आठवेना. तिने ते तीन आठवडे उराशी धरून ठेवलं होतं. तेव्हापासून मी तिला महिन्यातून एकदा तरी, काहीतरी काम करता करता, ते वाक्य पुन्हा सांगत राहिले.

"तुम्ही परत एकत्र येणार का?" हा प्रश्न येतोच, आणि पुन्हा पुन्हा येतो. ठरलं असेल तर "नाही" म्हणा. "बघू" म्हणणं त्या क्षणी मायेचं वाटतं, पण मूल त्या 'बघू'वर वर्षभर जगतं आणि तुम्ही दोघं पालकसभेला शेजारी बसलात की त्याला वाटतं, झालं. किशोरवयीन मुलं बहुतेक वेळा काहीच विचारत नाहीत, "मला माहीत होतं" म्हणून खोलीत जातात. जाऊ द्या. तासाभराने चहा घेऊन जा आणि न बोलता जवळ बसा.

बाहेरचं प्रेमप्रकरण, दारू, कर्ज, सासरचा जाच यातलं काय सांगायचं? मुलाला त्याच्या रोजच्या जगण्यासाठी लागेल तेवढंच. वडील दारूच्या नशेत गाडी चालवतात म्हणून त्यांच्याबरोबर गाडीतून जायचं नाही, हे सांगावंच लागतं. कुणी कुणाला फसवलं हे सांगायची गरज नसते. मोठं झाल्यावर त्याने स्वतःहून विचारलं तर तेव्हा खरं सांगा.

पायरी ३: कालनिर्णय

आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर मी बाबांच्या दिवसांना निळ्या स्केचपेनने गोल करायला लागले. तसंच दुसरं कालनिर्णय चिंचवडच्या घरात लावलं, तेच गोल, तोच रंग. आम्ही केलेली ही सर्वांत उपयोगी गोष्ट. सुरुवातीला लेक रोज सकाळी दूध पिताना त्यासमोर उभी राहायची, बोटाने चौकोन मोजायची आणि मग शाळेला जायची. चार-पाच महिन्यांनी तिने ते बघणं सोडून दिलं. तिला आता ते माहीत झालं होतं.

तारखा न कळणाऱ्या लहानग्यांना झोपा मोजून सांगा: "तीनदा झोपून उठलास की बाबा येतील." दोन वर्षांखालच्या बाळाला आठवड्यातून एकदा लांब भेट देण्यापेक्षा दोन-तीनदा छोट्या भेटी बऱ्या, कारण त्या वयात आठवडाभरात चेहरा परका वाटायला लागू शकतो.

ठरलेला दिवस शक्यतो मोडू नका. येणं जमत नसेल तर जो येऊ शकत नाही त्याने स्वतः मुलाला फोन करून सांगायचं. दुसऱ्या पालकाने "बघ, आले नाहीत ना" म्हणायचं नाही आणि खोटी सारवासारवही करायची नाही. "आज त्यांना जमलं नाही, तुला वाईट वाटणारच" एवढं म्हणून त्याच्या शेजारी बसायचं.

सामानाचं बघा. दोन्ही घरी ब्रश, रात्रीचे कपडे, शाळेचा एक गणवेश, चपला, कंपासपेटी हे वेगवेगळं असलं की मूल पाहुण्यासारखं बॅग घेऊन हिंडत नाही. दुसऱ्या घरी त्याचा एक कप्पा तरी हवा, जो ते नसताना कुणी उघडत नाही. मात्र एखादी वस्तू अशी असते जी दोन्हीकडे जायला हवी. आमच्याकडे ती आजीच्या जुन्या लुगड्याची गोधडी होती. ती विसरली म्हणून एकदा तिचे बाबा रात्री दहा वाजता चिंचवडहून सिंहगड रोडला आले होते. त्या वेळी आमचं एकमेकांशी बोलणंही धड नव्हतं, पण गोधडी घेऊन ते गेले आणि ती झोपली.

सायकल शेवटी त्यांच्याकडे ठेवली. तिथली गल्ली शांत होती.

पायरी ४: मूल या घरातून त्या घरात जातं ती पाच मिनिटं

माझी सर्वांत मोठी चूक इथे झाली, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

रविवारी संध्याकाळी सात वाजता तिचे बाबा तिला फाटकाशी सोडायचे. स्कूटरवरून उतरून ती आत आली की मी लगेच विचारायचे, "काय खाल्लंस? कुठे गेला होतात? कोण कोण होतं?" मला वाटायचं मी काळजीने विचारतेय. एका रविवारी ती म्हणाली, "कुठेच नाही गेलो. पोळी-भाजी खाल्ली." तिच्या बोटांना लोण्याचा आणि पावभाजीच्या मसाल्याचा वास येत होता. रात्री फ्रॉक भिजत घालताना खिशात चार घड्या घातलेलं तिकीट मिळालं, पेशवे पार्कातल्या फुलराणीचं. आगगाडीत बसून आल्याचा आनंद तिने घड्या घालून खिशात लपवला होता, कारण तो माझ्यासमोर काढला की माझ्या चेहऱ्याचं काय होतं हे तिला ७ व्या वर्षी कळलं होतं.

पुढच्या रविवारी मी काही विचारलं नाही. जेवताना म्हटलं, "फुलराणीत बसायचं असेल तर खिडकीशी बसायचं, वारा छान लागतो." ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मग बोलायला लागली ती झोपेपर्यंत.

म्हणून काही नियम, जे मी इतरांनाही आवर्जून सांगते. मुलाला सोडताना-नेताना आई-बाबांमध्ये फक्त 'औषध दिलंय', 'वही दप्तरात आहे' एवढंच बोलणं. फीबद्दल, तारखेबद्दल, वकिलाबद्दल तिथे एकही शब्द नाही, ते नंतर मेसेजवर. समोरासमोर आलं की भांडण होतंच, असं असेल तर ठिकाण बदला: एकाने शाळेत सोडायचं, दुसऱ्याने शाळेतून न्यायचं. आल्यावर अर्धा तास मुलाला मोकळं सोडा. एका घरातून दुसऱ्या घरात मन यायला वेळ लागतो. काही मुलं त्या अर्ध्या तासात चिडचिड करतात, काही बूट न काढता बसून राहतात. "तिकडे काहीतरी शिकवलंय वाटतं" असा अर्थ त्यातून काढू नका.

आणि मुलाच्या हाती निरोप देऊ नका. "बाबांना सांग फी राहिलीये" हे मी सांगत असे. त्याच दिवसांत तिचं शनिवारी सकाळी पोट दुखायला लागलं. डॉक्टरांनी दोनदा तपासलं, काही निघालं नाही. मग तिला बाहेर बसवून त्यांनी मला विचारलं, "शनिवारी काय असतं?" त्या दिवसापासून फीचा विषय मी स्वतः बोलायला लागले. पोट दुखणं थांबायला दोन महिने लागले, पण थांबलं.

पायरी ५: शाळा

वर्गशिक्षकांना एकदा भेटून, सविस्तर कहाणी न सांगता, एवढं कळवा: आम्ही वेगळे राहतो, या दिवशी हे न्यायला येतील, निकालपत्रक आणि सूचना दोघांनाही पाठवा, वर्गात काही वेगळं दिसलं तर सांगा. व्हॉट्सअ‍ॅप गटात दोघांचेही नंबर असू द्या. 'माझे कुटुंब' असा निबंध, बाबांसाठी शुभेच्छापत्र असे प्रसंग येतात, शिक्षकांना माहीत असलं तर त्या सांभाळून घेतात. स्नेहसंमेलनाला दोघंही जा. वेगवेगळ्या रांगांत बसलात तरी चालेल, मूल रंगमंचावरून दोघांनाही शोधतं.

मुलाचं मधलं नाव किंवा आडनाव बदलायच्या मागे पहिल्या वर्षी लागू नका. हजेरीत रोज पुकारलं जाणारं ते नाव त्याचं स्वतःचं असतं.

पायरी ६: वयाप्रमाणे काय दिसेल आणि कधी मदत घ्यायची

३ ते ५ वर्षांची मुलं मागे जातात: सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू होतं, अंगठा तोंडात जातो, आई न्हाणीघरात गेली तरी दाराशी रडतात. एक गेला तसा दुसराही जाईल ही ती भीती असते. रागावू नका, अंथरूण बदला, रोजची जेवणा-झोपेची वेळ पाळा.

६ ते ८ वर्षांची उघड दुःखी होतात आणि आई-बाबांना एकत्र आणायच्या योजना करतात. ९ ते १२ वर्षांची रागावतात, आणि या वयात त्यांना बरोबर-चूक स्पष्ट हवं असतं म्हणून ती एकाची बाजू पूर्णपणे घेऊ शकतात. तुमची बाजू घेतली तर सुखावू नका. ज्या पालकाचा राग करायचा असं ठरवलंय त्याच्याबद्दलचं प्रेम ते मूल कुठेतरी गाडून टाकत असतं.

किशोरवयीन मुलांबाबत मला वेगळीच काळजी वाटते. त्यांचं बंड दिसतं, ते बरं. जी शहाण्यासारखी वागतात, आईला स्वयंपाकात मदत करतात, धाकट्याचा अभ्यास घेतात, रात्री बाबांना "गोळी घेतलीत का" विचारतात, त्यांच्याकडे लक्ष द्या. सगळे त्यांचं कौतुक करतात आणि ते स्वतः मूल असणं विसरतात. तुमचं रडं ऐकायला बहीण, मैत्रीण, समुपदेशक असू द्या. १५ वर्षांचा मुलगा नको.

झोप, भूक, अभ्यास पहिले काही महिने डळमळणारच. पण खाणं-झोपणं सलग काही आठवडे बिघडलेलं राहिलं, मित्र तोडले, शाळेला जायलाच नकार दिला, स्वतःला इजा केली किंवा "मी नसतो तर बरं झालं असतं" असं काही बोललं, तर थांबू नका. त्यातल्या शेवटच्या दोन गोष्टी दिसल्या तर त्याच दिवशी बालमानसतज्ज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञ गाठा. टेलीमानस ही सरकारी मोफत सेवा १४४१६ वर आहे. मूल स्वतः १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर बोलू शकतं, तो नंबर त्याला माहीत असू द्या.

पायरी ७: न्यायालय

हिंदू विवाह कायद्यात परस्परसंमतीच्या घटस्फोटासाठी, म्हणजे बोलीभाषेत 'म्युच्युअल'साठी, किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं आणि अर्ज केल्यावर सहा महिने थांबावं लागतं. हे सहा महिने योग्य प्रकरणात माफ करता येतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटलं आहे. भांडून लढलेली केस मात्र कितीही वर्षं चालू शकते, आणि तेवढी वर्षं मुलाच्या बालपणातून जातात. एकमेकांबद्दल कितीही कडवटपणा असला तरी मुलांपुरतं तरी लेखी एकमत करा, एवढं मी कळवळून सांगेन.

ताब्याबद्दल थोडं. १८९० चा पालक आणि पाल्य कायदा आणि १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा यांत मुलाचं हित सर्वांत वर आहे. ५ वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे राहतं. समज आलेल्या मुलाची इच्छा न्यायाधीश विचारात घेतात, पण ती शेवटचा शब्द नसते, आणि हे मुलाला सांगा. "तू कुणाकडे राहणार ते तूच सांग" असं म्हणणं म्हणजे कुणाला तरी नाकारायला लावणं. ताब्याचा आदेश परिस्थिती बदलल्यावर बदलता येतो, त्यामुळे आज सगळं हरलो असं कुणी समजू नये. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यशिता साहू प्रकरणात म्हटलं की मुलाला दोन्ही पालकांच्या प्रेमाचा हक्क आहे आणि पालक लांब राहत असतील तर व्हिडिओ कॉलवरही संपर्क ठेवू द्यावा. परदेशात नोकरीला असलेल्या बाबांना आणि आयांना हा निकाल ठाऊक असावा.

कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक असतात. त्यांच्यासमोर एकमेकांची उणीदुणी काढण्यात वेळ घालवू नका, भेटींचं वेळापत्रक घेऊन जा: आठवडा, सुट्ट्या, सण, वाढदिवस, आजारपण, फोन. मुलाला न्यायाधीशांनी बोलावलं असेल तरच न्या, पाठ करून घेऊ नका. जाताना एवढंच सांगा: "तिथे एक काका किंवा मावशी तुझ्याशी बोलतील. तुला वाटतं ते बोल, नाही बोलावंसं वाटलं तरी चालेल. मी रागावणार नाही, बाबाही रागावणार नाहीत." खाऊचा डबा आणि गोष्टीचं पुस्तक न्या, थांबावं फार लागतं.

पायरी ८: पैसे आणि कागद

मुलाची पोटगी हा मुलाचा हक्क आहे. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात ती जबाबदारी आई आणि वडील दोघांवर आहे. 'पैसे दिले नाहीत म्हणून भेटू देणार नाही' आणि 'भेटू दिलं नाही म्हणून पैसे देणार नाही' या दोन्हींत मूल ओलीस धरलं जातं. दोन्ही तक्रारी न्यायालयात वेगवेगळ्या मांडा. रक्कम ठरवताना फी, क्लास, दवाखाना, गणवेश, सहली यांची यादी करा आणि दरवर्षी किती टक्के वाढ द्यायची तेही लिहून घ्या. पहिलीतल्या मुलाचा खर्च दहावीत तेवढाच राहत नाही.

कागदांचं मला फार उशिरा सुचलं. घरं वेगळी होतानाच जन्मदाखला, आधार, लसीकरणाचं कार्ड यांच्या प्रती दोन्हीकडे ठेवा. आरक्षित प्रवर्गातलं मूल असेल तर वडिलांचा आणि वडिलांकडच्या आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, काका-आत्यांपैकी कुणाचं वैधता प्रमाणपत्र असेल तर त्याची प्रत आत्ताच मागून घ्या. बारावीनंतर व्यावसायिक प्रवेशाच्या वेळी जात पडताळणीला हेच कागद लागतात आणि तेव्हा दहा वर्षं न बोललेल्या वडिलांकडच्या घरी फोन करायची वेळ मुलावर येते. पासपोर्टलाही दोन्ही पालकांची संमती लागते. ती मिळत नसेल तर कारण देऊन तसं घोषणापत्र द्यावं लागतं.

पायरी ९: आजी, आजोबा आणि सण

दोन्हीकडच्या आजी-आजोबांना वेगवेगळं भेटून एकच विनंती करा: नातवंडासमोर त्याच्या आईला किंवा बापाला नावं ठेवू नका. "बाप गेला सोडून", "आईनेच घर मोडलं" ही वाक्यं बहुतेक घरांत मायेपोटीच बोलली जातात. मुलाच्या अंगात मात्र दोघांचंही रक्त असतं, ती दोन्ही वाक्यं त्यालाच लागतात. ज्यांना हे जमत नाही त्यांच्याकडे काही दिवस मुलाला एकटं ठेवू नका.

सण आधी वाटून घ्या, आणि वाटताना सणाचं स्वरूप बघा. आमच्यात गणपती तिच्या बाबांच्या घरचा, पिढ्यांचा. तो मी कधी मागितला नाही. दिवाळीतला पाडव्यापर्यंतचा भाग माझ्याकडे आणि भाऊबीज चुलत भावांना ओवाळायला तिकडे. मे महिन्याची सुट्टी अर्धी-अर्धी. मुंज करायची असेल तर दोघांनी बसायचं की नाही, मातृभोजनाला कोण, हे गुरुजींना आणि नातेवाइकांना आधीच स्पष्ट सांगा. मांडवात त्यावरून कुजबूज झाली तर ती त्या मुलाच्या लक्षात आयुष्यभर राहते.

नवीन जोडीदार आला तर घाई करू नका. नातं स्थिरावलंय याची तुमची खात्री होऊ द्या, मग बाहेर कुठेतरी, थोड्या वेळासाठी ओळख करून द्या. 'बाबा' किंवा 'आई' म्हणायला लावू नका. काका, मावशी किंवा नुसतं नाव, मुलाला जे तोंडात बसेल ते. आणि ही बातमी मुलाच्या तोंडून दुसऱ्या पालकाला कळू नये. आधी स्वतः कळवा.

पायरी १०: दर मे महिन्यात पुन्हा बसा

७ वर्षांच्या मुलीसाठी केलेलं वेळापत्रक १३ वर्षांच्या मुलीला चालत नाही. क्लास असतात, मैत्रिणी असतात, शनिवारी दुपारपर्यंत झोपायचं असतं. ती यायला कंटाळा करते याचा अर्थ आईने कान भरले असा नसतो, बाबा नकोसे झाले असाही नसतो. वर्ष बदलताना दोन्ही पालकांनी बसून दिवस पुन्हा बघा, आणि मूल दहाच्या पुढे गेलं की त्यालाही बसवा. कुणाकडे राहायचं हे विचारू नका, कुठला दिवस अडचणीचा पडतो हे विचारा.

आमच्या लेकीने १३ व्या वर्षी स्वतःच स्केचपेन घेतलं. बाबांचे दिवस निळे, माझे हिरवे, असं तिने वर्षभराचं कालनिर्णय रंगवलं आणि प्रत्येक महिन्यातला दुसरा शनिवार कोराच ठेवला. मी विचारलं, "हा कुणाचा?" ती म्हणाली, "माझा. मैत्रिणींबरोबर." मी तिच्या बाबांना फोन लावून दिला. त्यांनी पलीकडून त्यांचं कालनिर्णय भिंतीवरून काढल्याचा आवाज आला, आणि ते म्हणाले, "थांब, पेन घेतो."